तीन ओळींच्या जागी एक

तारापूर एमआयडीसीतली माझी पहिली नोकरी तारखा छापायची. कुणी विचारलं तर मी असंच सांगायचे आणि समोरच्याला वाटायचं, ही कॅलेंडरच्या छापखान्यात आहे. आमचा कारखाना मुळात रसायनाचा. कापड गिरण्यांना लागणारा एक धुण्याचा द्रव पाच लिटरच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरायचा. झाकण बसलं की कॅन पट्ट्यावरून एकामागे एक पुढे यायचे आणि माझ्या मशीनसमोरून जाताना त्यांच्या खांद्यावर तीन ओळी उमटायच्या. बॅच नंबर, बनवल्याची तारीख, संपायची तारीख. बिस्किटाच्या पुड्यापासून पाण्याच्या पाइपापर्यंत सगळ्यांवर या ठिपक्याठिपक्यांच्या ओळी असतात, पण त्या कुणीतरी तिथे उभं राहून छापलेल्या असतात हे मला नोकरी लागेपर्यंत ठाऊक नव्हतं. आजही दुकानात मी किंमत नंतर बघते, आधी छपाई बघते. ठिपके विरळ दिसले की मनात म्हणते, बाई, नोझल पूस जरा.

मशीन मला नवऱ्याने शिकवलं. तोही त्याच कारखान्यात, त्याच मशीनवर, फक्त दुसऱ्या पाळीला. एरवी या माणसाच्या तोंडाला कायम कुलूप. लग्न ठरवायला आले तेव्हा माझ्या आजीने दोनदा विचारलं होतं, मुलगा मुका तर नाही ना? पण या इंकजेट मशीनबद्दल विचारलं की हा माणूस दहा मिनिटं बोलायचा. शाई केसाएवढ्या भोकातून सतत बाहेर पडत असते, म्हणाला, कॅन समोर असो नसो. तिचे थेंब होतात. ज्या थेंबाचं अक्षर करायचं त्याला मशीन विजेचा हलका भार देतं, म्हणजे तो वळून कॅनवर बसतो. ज्याची गरज नाही तो सरळ जाऊन समोरच्या बारक्या नळीत पडतो आणि परत टाकीत येतो. मशीनचं डोकं कॅनला टेकतसुद्धा नाही. बोटभर लांबून, हात न लावता सगळं लिहून मोकळं होतं. मी म्हटलं, तुमच्यासारखंच आहे की. तो नुसता हसला.

सकाळी आलं की आधी नोझल धुवायची. धुवायला आणि शाई पातळ करायला एक द्रव असतो, त्याला सगळे मेकअप म्हणतात. वास थेट नेलपॉलिश काढायच्या बाटलीचा. पॅकिंगच्या बायका रोज न चुकता म्हणायच्या, झाला का गं मेकअप? मग कागदाच्या पट्टीवर तीन छाप काढायचे, क्वालिटीवाली येऊन ते तपासायची, सही करायची, पट्टी बॅचच्या कागदांना चिकटवायची आणि मग लाईन सुरू. या सगळ्यात चूक व्हायला जागा ठेवलेली नव्हती. आम्ही ती करून घेतली.

आम्ही मूळचे करमाळ्याकडचे. बोईसरला भाड्याची एक खोली, पहिल्या मजल्यावर. मी पहिल्या पाळीला, सात ते तीन. तो दुसऱ्या, तीन ते अकरा. मुद्दाम मागून घेतलेल्या उलट्या पाळ्या, कारण मुलगी लहान होती आणि घरात तिसरं कुणी नव्हतं. तो कामावरून यायचा तेव्हा मी झोपलेली, मी निघायचे तेव्हा तो झोपलेला. आठवड्याचे सहा दिवस आम्ही एकमेकांना भेटायचो ते मशीनपाशी, तीनला दहा कमी असताना. त्या दहा मिनिटांत शाई किती उरली, मेकअप कधी घातला, किती कॅन झाले हे वहीत लिहून एकमेकांच्या ताब्यात द्यायचं. शेजारी सुपरवायझर उभा. अशात संसाराचं काय बोलणार?

फोन होते, नाही कशाला म्हणू. पण गेटवर जमा करायचे. आणि फोनवर आमचं बोलणं व्हायचं ते गॅस संपला, दूध आण, एवढंच. बाकीचं त्याने मशीनमध्ये लिहायला सुरुवात केली. प्रत्येक मालाच्या तीन ओळी मशीनमध्ये साठवून ठेवलेल्या असतात. यादीतून हवा तो मजकूर निवडायचा. यादीच्या शेवटी ‘टेस्ट’ नावाची एक जागा होती, कुणी न वापरलेली. एका सकाळी मी सहज ती उघडली आणि आत लिहिलेलं, इंग्रजी अक्षरांत पण मराठी: भाजी खारट नव्हती.

आदल्या रविवारी, भाजी खारट झालीय का ते सांगत नाही म्हणून मी भांडले होते. तो हूं की चूं न करता जेवून उठला होता, आणि चार दिवसांनी हा खुलासा!

मग रोज बघायची सवयच लागली. दात आला. चप्पल शिवून आणली. पोरगी झोपेत हसली. वीस-बावीस अक्षरं मावायची, त्यापुढे मशीन घ्यायचं नाही. मी वाचायचे, पुसायचे आणि दुपारी त्याच्यासाठी काहीतरी लिहून ठेवायचे. माझ्या तोंडाचा पट्टा सदा चालू, त्यामुळे मला ती जागा कायम अपुरी पडायची. पण त्याचं मात्र तेवढ्यात भागायचं. खरं सांगते, त्या वर्षात मी नवऱ्याच्या प्रेमात पडले ते त्या बोटभर पडद्यावर.

अडचण होती ती सव्वा तासाची. तो सव्वादोनला घर सोडायचा, मी साडेतीनला पोचायचे. तेवढा वेळ मुलगी शेजारच्या मावशींकडे. अडीच वर्षांची पोर, मावशींच्या मांडीवर निवांत झोपायची. मग मावशींचं ठरलं, मुलाकडे वापीला कायमचं जायचं. जायच्या आधी एकदा त्या खोली बघायला म्हणून वापीला गेल्या आणि त्याच दिवशी तो प्रकार झाला. नवऱ्याने त्यांची खूप वाट पाहिली. बस चुकली तर खाडा. पोर गाढ झोपलेली. त्याने बाहेरून कडी घातली, कुलूप लावलं आणि गेला. मला मशीनपाशी भेटला तेव्हा एक शब्द बोलला नाही.

साडेतीनला मी जिना चढत होते आणि वरून रडणं ऐकू येत होतं. रडून रडून आवाज बसलेला. मी कुलूप काढलं. पोर दाराला चिकटून उभी होती, नाक गळत होतं आणि हातात माझी ओढणी. तिला काही झालं नव्हतं. पण ती त्यानंतर आठ दिवस दार लावलं की किंचाळायची.

त्या रविवारी मी नवऱ्याला बोलू नये ते बोलले. बाप आहात का कोण आहात, इथपर्यंत. तो खाली मान घालून ऐकत राहिला. शेवटी मीच ठरवलं: पोरीला गावी सासूबाईंकडे ठेवायचं, शाळेत जाईपर्यंत. त्या म्हाताऱ्या असल्या तरी घरात माणसं आहेत, अंगण आहे. पुढच्या रविवारी दीर न्यायला येणार असंही फोनवर ठरलं. मी त्याला विचारलं, तुम्हाला काय वाटतं?

“तू म्हणशील तसं.”

मला राग आला तो याचा. सव्वा तासासाठी लेक करमाळ्याला पाठवायची, आणि या माणसाला काहीच वाटत नाही? मी तिचे कपडे पिशवीत भरत होते, तर हा पिशवीची तुटलेली चेन दुरुस्त करत बसला. मी मनाशी म्हटलं, दगड आहे. त्यानंतर ‘टेस्ट’मध्येही काही येईना. सोमवार, मंगळवार, बुधवार, जागा कोरी.

गुरुवारी सकाळी नोझल जाम होती. मेकअपने धुवून धुवून पावणेआठ वाजले, क्वालिटीवाली ताटकळलेली, त्या गडबडीत ‘टेस्ट’ बघायचं राहून गेलं. साडेनऊला चहाची सुट्टी झाली, लाईन थांबली. चहा अर्धा टाकून मी मशीनपाशी आले, यादी उघडली, शेवटपर्यंत गेले आणि बटण दाबलं. मजकूर नुसता बघायचं बटण वेगळं आणि छपाईसाठी निवडायचं वेगळं. दोन्ही शेजारी शेजारी. एवढ्यात भरायच्या बाजूने सुपरवायझर ओरडला, “चालू करो, चालू करो, टैंक भर गया है!” पडद्यावर काय आलं ते न बघताच मी हिरवं बटण दाबलं आणि पुढे झाकणं अडकली होती तिकडे धावले.

वीस मिनिटं लाईन झकास चालली.

पॅकिंगला आमच्याकडे एक म्हातारी होती. कुंभवलीची. एमआयडीसी आली तेव्हापासून या ना त्या कारखान्यात पॅकिंगच करत आलेली. तिला वाचता यायचं नाही. कॅन खोक्यात भरताना ती छपाईवरून नुसता अंगठा फिरवायची, ओली आहे का बघायला. तिने मला हाक मारली.

“अगं बाय, रोज तीन लायनी असतात. आज एकच हाय, ती पन लांबलचक. आसंच हाय का?”

मी तिच्या हातातला कॅन फिरवला. पांढऱ्या प्लास्टिकवर, काळ्या ठिपक्यांत, आमच्या मशीनच्या स्वच्छ अक्षरांत लिहिलेलं होतं: नको पाठवू तिला.

मी दुसरा कॅन बघितला. नको पाठवू तिला. पट्ट्यावरचा तिसरा, चौथा. लाल बटण दाबायला हात उचलेना, ते म्हातारीनेच दाबलं. लाज कशाची वाटतेय तेही कळत नव्हतं, चुकीची की वाक्याची.

सुपरवायझर धावत आला. बिहारकडचा माणूस, मराठी बोलायचा वांधा, पण ही इंग्रजी अक्षरं त्याने मोठ्याने लावून वाचली. “न-को पा-ठ-वू ति-ला. ये कौनसा बैच है? किसको नहीं भेजना है?” सगळी लाईन गोळा झाली. मी खरं ते सांगितलं. दुसरं काही सुचलंच नाही. ही जागा आम्ही वापरतो, हे माझ्या नवऱ्याने लिहिलंय, बटण मी चुकीचं दाबलं, रविवारी मुलीला गावी नेणार आहेत. सांगता सांगता रडू फुटलं.

सुपरवायझरने डोक्याला हात लावला. मग म्हणाला, खोकी गाडीत चढलेली नाहीत तोवर वाचलो. शाई ताजी आहे, पुसून परत छापा. रिपोर्ट मात्र जो आहे तसाच जाईल. तसाच गेला. मला मेमो मिळाला, मशीनला पासवर्ड लागला आणि ‘टेस्ट’ नावाची जागा कायमची गेली. त्याबद्दल त्याच्यावर माझा राग नाही. दुसरा असता तर मला त्याच दिवशी गेटबाहेर काढलं असतं.

त्रेपन्न खोकी, दोनशे बारा कॅन. टेप कापून सगळे बाहेर काढले. हातमोजे, तोंडाला मास्क, मेकअपमध्ये भिजवलेलं फडकं. प्लास्टिकवरची ताजी शाई दोन पुसण्यांत जाते. पहिला कॅन मी डावीकडून पुसायला घेतला. एक हात फिरला आणि ‘नको’ गेलं. उरलं ते ‘पाठवू तिला’. मी थांबले. ते मला बघवेना. पुढचे सगळे मी उजवीकडून पुसले. आधी ‘तिला’ जायचं, मग ‘पाठवू’, शेवटी नुसतं ‘नको’ राहायचं, आणि मग तेही पुसावं लागायचं.

असं किती वेळा पुसलं असेन? बायका मदतीला आल्या, पण मी जास्तीत जास्त कॅन माझ्याकडेच ओढत होते. ज्याला मी दगड म्हटलं होतं, तो बुधवारी अकरा वाजता पाळी संपवून, बस उभी असताना, एकेक अक्षर दाबत हे लिहून गेला होता. माझ्यासमोर बोलायची त्याला सोय कुठे ठेवली होती मी? बाप आहात का, असं विचारल्यावर माणूस कुठल्या तोंडाने सांगेल की पोरीला पाठवू नको?

म्हातारी माझ्या शेजारी बसून पुसत होती. तिला आता काय लिहिलंय ते कळलं होतं.

“कुटं धाडतेस पोरीला?”

“करमाळ्याला. सासूकडे.”

“कितीक वेळाचा खोळंबा हाय?”

“सव्वा तास.”

तिने फडकं खाली ठेवलं. “सव्वा तास? आनि त्यासाटी येवड्या लांब? अगं, माजं घर गेटापासून धा मिंटांवर हाय. सून घरातच असते, तिचं पोर पन येवडंच हाय. बापाने येताना सोडायची, तू जाताना न्यायची. आमी काय मेलो का?”

मी म्हटलं, “तुम्हाला कसं सांगणार? त्रास कशाला.”

“म्हयनेच्या म्हयने एका पट्ट्याला उब्या ऱ्हातो आपन. झाकनाचं बोलतेस, मालकाला शिव्या देतेस, माज्या सुनेची चौकशी करतेस. पोरीचं तेवडं तोंडातून नाय काडलंस!”

बायका हसल्या. मला हसू येईना, कारण खरंच होतं ते. नवऱ्याच्या मुकेपणाची टिंगल करणारी मी, जगभराचं बोलून दमणारी. पण हात पसरायची वेळ आली तेव्हा मलाही कुणापुढे तोंड उघडता आलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तशी माझी गत. कुंभवली कारखान्याच्या भिंतीला लागून, आणि मी पोरगी करमाळ्याला पाठवायला निघाले होते.

अडीचच्या सुमारास सगळे कॅन नव्या छपाईसकट खोक्यांत गेले. एक तेवढा मी न पुसता मशीनखाली ठेवला.

तीनला दहा कमी असताना तो आला. पॅकिंगच्या बायका एरवी त्याच्याकडे बघत नसत. आज सगळ्या माना वळल्या. त्याने वही हातात घेतली, माझे डोळे बघितले, मशीनचा पडदा बघितला, आणि मी खालचा कॅन उचलून त्याच्या पुढ्यात ठेवला. त्याचा चेहरा उतरला. मग तो वळून सुपरवायझरकडे निघाला.

“कुठे चाललात?”

“माझी चूक आहे. सांगतो त्यांना. तुझी नोकरी...”

“नोकरी आहे. ते मिटलं. आधी इकडे या.” “हे काय लिहिलंय?”

त्याने कॅनकडे बघितलं.

“मी सकाळपासून हे वाचतेय. दोनशे बारा वेळा. ऐकलं एकदाही नाही. तोंडाने बोला.”

“इथे?”

“इथेच.”

कंप्रेसर चालू झाला होता. भरायच्या बाजूला टाकीचा धडधडाट. त्याने खाली बघत काहीतरी म्हटलं.

“ऐकू नाही आलं.”

त्याने परत म्हटलं. परत ऐकू आलं नाही. खरंतर ओठांवरून मला कळलं होतं, पण मी सोडणार नव्हते. मी हात कानामागे धरला. त्याने एकदा त्या बायकांकडे बघितलं, एकदा सुपरवायझरकडे, आणि एवढ्या मोठ्याने बोलला की कंप्रेसरच्या वर आवाज गेला आणि भरायच्या बाजूची माणसंही वळून बघायला लागली.

“नको पाठवू तिला! मला करमणार नाही!”

हे दुसरं वाक्य कुठल्याच कॅनवर नव्हतं.